चिखल इथपर्यंत होता

सोमवार, १६ मार्च १९९८
डॉक्टर लार्रोसांनी सांगितलं म्हणून ही वही. रोज लिहायचं नाही, दुखलं तरच. किती दुखतं त्याचा दहापैकी आकडा टाकायचा, आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचं. मी म्हणालो, लिहूनच तर हात दुखतोय, आणि त्यावर औषध म्हणून पुन्हा लिहायचं? ते हसले. म्हणाले, पेनानं चार ओळींच्या वर जाऊ नका. पाचवी ओळ झालीसुद्धा.

मी वाल्देमार एचेगोयेन, वय पंचावन्न, नदीकाठच्या मेर्सेदेस गावातल्या दिवाणी न्यायालयात सुनावणीच्या वेळी साक्षीदार बोलतो ते टाइप करतो. एकतीस वर्षं झाली. उजवं मनगट, अंगठ्याच्या मुळाशी. आकडा ३.

गुरुवार, १९ मार्च
३. सुनावणी चार तास. माझ्या मते दोष संगणकाचा आहे. टाइपरायटरवर ओळ संपली की घंटी वाजायची, हात दांडीकडे जायचा. पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा चढवा. साक्षीदार तेवढ्यात नाक पुसून घ्यायचा, माझीही बोटं मोकळी व्हायची. संगणकाला ओळ संपत नाही आणि पानही संपत नाही. तो थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही.

हे मी न्यायाधीश पोन्स यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग घंटी बसवून देऊ का, वाल्देमार?" सगळे हसले, मीही हसलो. प्रत्यक्षात किती दुखतं ते कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं कारणही नाही.

बुधवार, १ एप्रिल
४. सकाळी उठलो तेव्हा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं झोपेतच होती. दाढी डाव्या हातानं केली.

अवांतर: हल्ली बरण्यांची झाकणं अगदी सैल येतात. आटवलेल्या गोड दुधाची बरणी, पीचची बरणी, कुठलीही घ्या, बोट लावलं की झाकण फिरतं. पूर्वी दार आणि चौकटीत धरून फिरवावी लागायची. एलिदाला म्हणालो, कारखानेवाले फसवायला लागलेत, दुकानदाराला एकदा बोललं पाहिजे. "बोल की," असं म्हणून ती भांडी घासायला वळली. माझी बायको फार बोलणाऱ्यातली नाही. पाण्याच्या वर्षी, म्हणजे गावात पूर आला तेव्हा, शाळेच्या इमारतीत आम्हा सगळ्यांना हलवलं होतं तिथे ओळख झाली, तेव्हाही नव्हती.

मंगळवार, १४ एप्रिल
४. फेब्रुवारीत नवीन लागलेली इंग्रिद आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. सव्वीस वर्षांची आहे. दहा बोटांनी टाइप करते, पण प्रत्येक बोट आधी परवानगी मागितल्यासारखं पुढे येतं. मला "मास्तर" म्हणते. मी तिला कार्मेला बाईंच्या टाइपिंगच्या वर्गातली गोष्ट सांगितली. कळा दिसू नयेत म्हणून हातांवर लाकडी खोकं, दोन्ही मनगटांवर एकेक नाणं. नाणं पडलं की पट्टी बसायची. माझं कधी पडलं नाही.

"म्हणजे तासभर मनगट हलवायचंच नाही?" इंग्रिदनं विचारलं.

"हलवायचंच नाही."

तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. तिला एवढंच शिकवलं की साक्षीदार बोलेल ते लिहायचं, आपल्याला वाटेल ते नाही. तो "म्हणजे कसं की" म्हणाला तर "म्हणजे कसं की" लिहायचं. तो रडला तर रडला असं लिहायचं.

येर्बाची, म्हणजे भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतून नळीनं प्यायच्या कडू चहाची, जबाबदारी ऑफिसात वीस वर्षं माझ्याकडे आहे. पहिला कडू भोपळा मी पितो, मग ओततो आणि एकेकाला देतो. ओतणारा हात बदलायचा नाही, नळी कोणी ढवळायची नाही, एवढे दोनच नियम. थर्मास भरून आणायचं काम इंग्रिदचं. पोरगी निम्माच भरते. म्हणालो, "अगं, पाण्याला काय पैसे पडतात?" म्हणाली, "दोनदा आणीन की, मास्तर." तरुण मुलांना एक काम दोनदा करायची हौस असते.

मंगळवार, २८ एप्रिल
५. आज एक गोष्ट केली. साक्षीदार बाई शेजाऱ्याच्या गटाराबद्दल सांगत होती, आणि दर वाक्यात तीनदा "तर मग मी त्याला म्हटलं, आणि तो मला म्हणाला." मी दोनदाच लिहिलं. नंतर एकदाच. अर्थ तोच राहिला, बोटांचे सतरा फेरे वाचले. वाचून दाखवलं, बाईनं मान डोलावून सही केली.

संध्याकाळी पोन्स म्हणाले, "आजची नोंद छान आटोपशीर झाली." भाषा सुधारते आहे.

गुरुवार, १४ मे
७. चारपेक्षा जास्त ओळी होणार, डॉक्टरांनी माफ करावं.

आज तेचेरा प्रकरण होतं. झुल्मा तेचेरा ही साठीची बाई नदीकाठी, जुन्या धक्क्याच्या खाली एका घरात राहते. घर एका राजधानीकर कुटुंबाच्या नावावर आहे. त्यांना आता तिथे सुट्टीसाठी बंगले बांधायचे आहेत. झुल्माचा दावा असा की ती तीस वर्षांहून जास्त काळ त्या घरात मालकासारखी राहिली आहे, म्हणून कायद्यानं घर तिचं. त्यांचं म्हणणं असं की तिला त्यांनीच १९७१ मध्ये राखणीला ठेवलं, म्हणजे तीस भरतच नाहीत. राखणदार ही मालकीणही नव्हे. ती हरली तर तिला घराबाहेर जावं लागेल. तिच्या बाजूनं एकच साक्षीदार, निकासिओ, वय चौऱ्याऐंशी. घोडागाडीवर पाव पोचवायचा. बाकीचे शेजारी पाणी आल्यावर गेले ते परतलेच नाहीत.

सकाळपासून दोन सुनावण्या झाल्या होत्या, ही तिसरी. निकासिओचा कान गेलेला आहे, त्यामुळे तो ओरडून बोलतो आणि थांबत नाही. पोन्स फोन आला म्हणून उठून दारात उभे होते. झुल्माला सरकारकडून फुकट मिळालेला वकील रोवीरा पुढच्या प्रकरणाची फाइल शोधत होता. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढत होतं. मी काय लिहिलं ते सांगतो. लिहिलं: "साक्षीदार अर्जदार स्त्रीस सदर घरात पुष्कळ वर्षांपासून राहताना पाहत आला आहे."

वाचून दाखवलं. निकासिओ ओरडला, "बरोबर, बरोबर, तुम्ही लिहिलंय ना, मग बरोबरच!" आणि सही केली. त्याला सहीपुरतंच येतं.

बाहेर पडताना राजधानीकरांच्या वकिलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नेमकं लिहिता तुम्ही," म्हणाला. "आमच्याकडे असे लोक राहिले नाहीत." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, १५ मे
६. रजा नाही घेतली.

बुधवार, १० जून
५. आज ऑफिसात जे झालं ते दुखण्याबद्दल नाही, तरी लिहितो. ऐन हिवाळ्यातली सकाळ. आलो तर इंग्रिदनं येर्बाचा भोपळा भरून पहिला कडू घोट स्वतः पिऊनही टाकला होता. म्हणजे आजची ओतणारी ती. एकदा पहिला घोट झाला की हात बदलता येत नाही, ते मीच तिला शिकवलं.

"काय गं, मला निवृत्त केलंस?"

"आज माझं राज्य, मास्तर. थंडी किती आहे, हात खिशात ठेवा."

बाकीचे खाली बघून हसू दाबत होते. वीस वर्षं केलेलं काम एका सकाळी काढून घेतलं, आणि वर खिशात हात घालायला सांगतात. मी दोन भोपळे प्यायलो आणि तिसरा नको म्हणालो. घरी आलो तेव्हा एलिदानं माझ्या शर्टाची सगळी बटणं काढून टिचबटणं लावलेली दिसली. म्हणाली, हल्ली फॅशन आहे. घातला तोच.

मंगळवार, ३० जून
४. पोन्सची बदली झाली. निरोपाला मांस भाजलं, मला चाकूनं कापता येत नव्हतं. पाव खाल्ला. नव्या न्यायाधीश ऑगस्टमध्ये येतील, तोवर सुनावण्या कमी. हाताला विश्रांती.

मंगळवार, २१ जुलै
३. पाववाला निकासिओ वारला. न्यूमोनिया. दफनाला गेलो नाही. नदीवर धुकं होतं, आणि माझी त्याची ओळख सुनावणीपुरतीच.

गुरुवार, ६ ऑगस्ट
दुपारी झुल्मा तेचेरा खिडकीशी आली. काळा स्वेटर. निकासिओसाठी घातलाय म्हणाली.

"म्हातारा गेला हो. पण बोलून तर गेला ना? चिखलाचं सांगितलं ना त्यानं?"

"नोंद आहे," मी म्हणालो.

"मग झालं. मला काही काळजी नाही." तिनं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले होते. मोठे, भेगाळलेले, चुना लागलेले हात. "नव्या बाईंना म्हणावं, चिखलाचं तेवढं वाचा."

ती गेल्यावर फाइल काढली. पान सदतीस. "पुष्कळ वर्षांपासून." दुसरं काही नाही. मी पान उलटून मागे बघितलं. मागे कोरं होतं.

आकडा टाकायचा राहिला. २ असेल.

शुक्रवार, ७ ऑगस्ट
तो काय बोलला ते मला शब्द न् शब्द आठवतं. त्या दिवशी ते माझ्या बोटांतून उतरलं नाही, म्हणून बहुतेक डोक्यात अडकलं.

तो ओरडला होता: "वर्ष मला विचारू नका साहेब, शाळेत मी फक्त घोडा बांधायला जायचो! पण पाणी उतरलं त्या आठवड्यातली गोष्ट. पाव घेऊन खाली गेलो तर ही बया घागरा खोचून उभी. भिंतीवर चिखल इथपर्यंत होता," आणि हात छातीशी नेला, "इथपर्यंत! नि ही फावड्यानं खरवडतेय. अंजिराच्या झाडावर कोंबडी. मी म्हटलं, पोरी, मालक कुठंत? तर म्हणते, मालक पळाले, हे घर आता मी बघणार, पाव ठेव आणि उद्यापण आण. रोज आणला मी! गाडी मोडली तोवर रोज आणला!"

मेर्सेदेसमध्ये पाणी म्हटलं की एकच. एप्रिल १९५९. कोणाला वर्ष विचारावं लागत नाही. मी सोळा वर्षांचा होतो, आमच्याही भिंतीवर चिखल होता. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, आणि नव्या न्यायाधीश बाई बाहेरच्याच आहेत. पण जे कागदावरच नाही ते कळायचा प्रश्नच येत नाही.

माझी बाजू अशी: वाचून दाखवलं होतं. सही झाली. रोवीरानं आक्षेप घेतला नाही, तो त्याचा धंदा आहे. साक्षीदार मेला, परत बोलावता येत नाही. आता मी बोललो तर माझी चौकशी होईल, आणि एकतीस वर्षांची प्रत्येक नोंद कोणीतरी उघडून बघेल. निकाल कदाचित तिच्या बाजूनंच लागेल. "पुष्कळ" म्हणजे तीसच्या वर असंही कोणी समजू शकतं.

हे सगळं टाइप केलं असतं तर अर्ध्यात थांबलो असतो. पेनानं होतंय.

बुधवार, २ सप्टेंबर
६. डॉ. लार्रोसांनी वही वाचायला मागितली. घरी विसरली म्हणालो. त्यांनी मनगटाला आधाराचा पट्टा दिला, तीन महिने सुनावणी बंद असं पत्र लिहून देतो म्हणाले. मी नको म्हणालो. "का?" "माझ्याशिवाय कोण करणार?" "तुमच्या शेजारची मुलगी," ते म्हणाले. "तीच तर आली होती मला भेटायला, तुमच्याबद्दल विचारायला. तुमच्या मिसेसच्या बरोबर." 

हे मला आवडलं नाही. दोघींची ओळख कुठून? घरी एलिदाला विचारलं तर म्हणाली, "बाजारात." हात माझा आणि चर्चा बाजारात.

गुरुवार, १० सप्टेंबर
झुल्मा पुन्हा आली. निकाल पुढच्या महिन्यात, सांगितलं. म्हणाली, "अंजिराला पालवी फुटलीय. पाण्याच्या वर्षीसुद्धा फुटली होती, मुळं चिखलात असून." मी मान डोलावली. ती गेल्यावर संडासात जाऊन हात गार पाण्याखाली धरला. दुखत नव्हता.

मंगळवार, १३ ऑक्टोबर
नव्या न्यायाधीश बेंतांकूर बाई निकाल तोंडी सांगतात आणि मी टाइप करतो. ऐकायला स्पष्ट, वाक्यं लहान, चांगल्या आहेत. अकराच्या सुमारास तेचेरा प्रकरण घेतलं. मी लिहीत गेलो. घराचं वर्णन, दोन्ही बाजूंचं म्हणणं, कायद्याची कलमं. मग त्या म्हणाल्या:

"अर्जदाराचा एकमेव साक्षीदार केवळ 'पुष्कळ वर्षांपासून' एवढेच म्हणतो. त्याने कोणतेही वर्ष, कोणतीही घटना, मालकीचा कोणताही दावा सांगितलेला नाही. सबब—"

माझी बोटं "सांगितलेला" पर्यंत आली आणि थांबली. पुढचं अक्षर कुठल्या कळेवर आहे ते मला आठवेना. कार्मेला बाईंच्या खोक्याखालीही मला कळा दिसत होत्या, आणि आता उघड्या डोळ्यांसमोर दिसेनात.

बाईंनी मान वर केली. "दुखतंय का हात?"

"हो," मी म्हणालो.

"मग राहू दे. उद्या पूर्ण करू. जा तुम्ही घरी, वाल्देमार. सगळ्यांना माहीत आहे तुमच्या हाताचं, लपवायची गरज नाही."

सगळ्यांना माहीत आहे. मी कोट घालून घरी आलो. हात मुळीच दुखत नव्हता. आकडा शून्य. डॉक्टरांना हे दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तोच दिवस, नंतर
एलिदा शेजारी बसून विणत होती. मी एकदम म्हणालो, "एलिदा, पाणी उतरल्यावर तुमच्या घरात चिखल कुठपर्यंत होता?"

तिनं विणणं न थांबवता हात छातीपर्यंत नेला. इथपर्यंत. चाळीस वर्षांनी विचार न करता.

मी भित्रा आहे. हे कुठेतरी लिहिलं पाहिजे होतं, ते लिहिलं.

बुधवार, १४ ऑक्टोबर
सकाळी बाई यायच्या आधी त्यांच्या दारात उभा राहिलो. सांगितलं. एवढंच म्हणालो, की तेचेरा प्रकरणातली पान सदतीसवरची नोंद अपुरी आहे, आणि ती मी मुद्दाम अपुरी ठेवली.

"मुद्दाम?"

"हात दुखत होता म्हणून. पण मला कळत होतं."

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तुमचा जबाब घ्यावा लागेल. दोन्ही वकिलांसमोर. तुमच्यावर काय होईल ते माझ्या हातात नाही, समजतंय ना?" समजतंय म्हणालो. "उद्या दहाला." मग म्हणाल्या, "टाइप कोण करणार?"

मी इंग्रिदचं नाव सांगितलं.

गुरुवार, १५ ऑक्टोबर
एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. साक्षीदाराची खुर्ची ठेंगणी आहे, तिथून टाइप करणाऱ्याची बोटं दिसत नाहीत, फक्त कपाळ दिसतं. लोकांना इतकी वर्षं माझं कपाळ दिसत होतं.

मी निकासिओचं बोलणं सांगितलं. सगळं. शाळेतला घोडा, खोचलेला घागरा, फावडं, कोंबडी, "पाव ठेव आणि उद्यापण आण." इंग्रिद हळू टाइप करते, म्हणून मला हळू बोलावं लागलं, आणि हळू बोलताना ते माझ्या तोंडातून म्हाताऱ्याच्याच आवाजात यायला लागलं. मागच्या बाकावर झुल्मा बसली होती. तिच्याकडे बघायचं टाळलं.

राजधानीचा वकील उठला. "पाच महिन्यांपूर्वीचं बोलणं यांना शब्दशः आठवतं? रोज चार-चार साक्षी घेणाऱ्या माणसाला?"

बाई म्हणाल्या, "उत्तर द्या."

"बाई, मी लिहिलं की विसरतो," मी म्हणालो. "लिहिलेलं सगळं विसरलोय. हे लिहिलं नाही, म्हणून जात नाही."

"आणि चिखल," वकील म्हणाला, "'इथपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत? खुर्चीपर्यंत? छतापर्यंत?"

मी हात उचलला. उजवा. म्हाताऱ्यानं उजवाच उचलला होता. पट्ट्यासकट छातीपर्यंत नेला आणि तिथे धरला. "इथप— आई गं," मी म्हणालो. "इथपर्यंत. आई गं."

मग राजधानीचा वकील खाली बसताना म्हणाला, "वाल्देमार, नेमकं लिहिणारे म्हणून मी तुमची तारीफ केली होती." "मला आठवतं," मी म्हणालो. तेव्हा बरं वाटलं होतं हेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी इंग्रिदनं नोंद वाचून दाखवली. सगळं होतं. माझं अडखळणं, दोनदा म्हटलेलं "म्हणजे कसं की", वकिलाचा टोमणा, आणि: "साक्षीदार उजवा हात छातीपर्यंत उचलतो. म्हणतो: इथप, आई गं. इथपर्यंत. आई गं. साक्षीदाराच्या डोळ्यांत पाणी."

राजधानीचा वकील म्हणाला, "हे शेवटचं काढा. याचा प्रकरणाशी काय संबंध?"

"जे झालं ते लिहिलंय," इंग्रिद म्हणाली. कान लाल, मान ताठ. "मास्तरांनी असंच शिकवलंय."

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

मी सही केली. वाकडी आली.

मंगळवार, २४ नोव्हेंबर
२. लेखी ताकीद, आणि सुनावणीवरून कायमचा दूर. आता तळघरात, दप्तरखान्यात. तिथे जुनी प्रकरणं गठ्ठ्यांतून काढून क्रमानं लावायची. टाइपरायटरवरच्या नोंदी आहेत, ओळींच्या शेवटी जागा सोडलेल्या. माझ्याही आहेत. काही वाचतो. पूर्वी चांगलं लिहायचो.

सकाळी नऊला वर जाऊन येर्बा पितो. इंग्रिद ओतते. तिचं नियम पाळणं माझ्याहून कडक आहे, नळीला कोणी हात लावला की ओरडते. थर्मास आता काठोकाठ भरलेला असतो. म्हणजे अर्धा का भरायची ते मला आज कळलं. सात महिन्यांनी. तिला म्हणालो, "शहाणी आहेस." म्हणाली, "प्या, गार होतंय."

बुधवार, १७ फेब्रुवारी १९९९
डॉक्टरांनी वही परत मागितलेली नाही, आणि आकडाही बरेच दिवस १ च्या वर गेलेला नाही. तरी आजचं लिहून बंद करतो.

निकाल डिसेंबरमध्येच लागला. तो मी टाइप केला नाही, इंग्रिदनं केला. आज दुपारी झुल्मा तेचेरा आमच्या घरी आली. आत आली नाही, फाटकातच उभी राहिली. कागदात गुंडाळलेली बरणी माझ्या हातात दिली. अंजिराचा मुरंबा, झाडाच्या पहिल्या अंजिरांचा.

"कोर्टातल्या माणसाला भेट घेता येत नाही," मी म्हणालो.

"भेट कुठली? झाड माझं, अंजीर माझे. एवढे मी एकटी खाऊ?" मग ती थांबली. "तुमच्यावर मी फार रागावले होते. माझ्या म्हाताऱ्याचं बोलणं खाल्लंत तुम्ही. अजून थोडी रागावलेय." 

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पण पुन्हा सांगितलंत. तेपण खरं." आणि ती उतारावरून नदीकडे गेली.

एलिदा बहिणीकडे गेली होती. मी बरणी टेबलावर ठेवली, पाव कापला आणि झाकण फिरवायला गेलो. हललं नाही. फडक्यात धरून बघितलं, डाव्या हातानं बघितलं. गरम पाण्यात ठेवून बघितलं. दारात आणि चौकटीत धरायला गेलो तर मनगटातून कळ उठली आणि सोडून दिलं. घट्ट झाकण. पूर्वी सगळी झाकणं अशीच असायची.

मग उठलो, कपाट उघडलं आणि एकेक बरणी काढून बघितली. आटवलेलं दूध. पीच. ऑलिव्ह. लाल मिरच्या. आजच दुकानातून आलेली, अजून लेबलही न फाडलेली टोमॅटोची. सगळ्यांची झाकणं बोट लावताच फिरली. एलिदानं आणल्या आणल्या एकेक उघडून परत हलकीच बसवलेली होती. किती महिने ते मला माहीत नाही. वर्ष होऊन गेलं असेल. आणि मी दुकानदाराला बोलणार होतो.

खुर्चीवर बसलो. रडलो, हे लिहून ठेवतो, झालं ते लिहायचं म्हणून. मग पाव झाकून ठेवला आणि बरणी समोर घेऊन वाट बघत बसलो. ती सहा वाजता आली. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं.

"काय झालं?"

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी म्हणालो नव्हतो ते म्हणालो.

"मला उघडत नाही गं. उघडून दे."